तू बरोबर मॉड्यूल काढलं होतंस

मिलिंद,

करंदीकर तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले.

कल्याण पूर्वेला, तुझ्या घराजवळच्या हॉलमध्ये कंपनीतल्या जुन्या लोकांनी शोकसभा ठेवली होती. पंचवीस-तीस जण असतील. करंदीकर साहेब रिटायर होऊन आता ठाण्याला असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी काठी टेकत आलेले. म्हणाले, "मिलिंद म्हणजे आमच्या टर्बाइन हॉलचा कान होता. नुसत्या आवाजावरून सांगायचा काय बिघडलंय ते. अशी माणसं आता मिळत नाहीत." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग कोणीतरी म्हणालं, "सतीश, तू बोल, तू तर त्याचा जोडीदार." मी उठलो, तुझ्या फोटोला हात जोडले, घसा बसलाय अशी खूण केली आणि परत खुर्चीत बसलो.

घसा ठणठणीत होता.

तू जेवून उठलास, हात धुतलेस, टॉवेल घ्यायला वळलास आणि तिथेच पडलास असं कळलं. डॉक्टर येईपर्यंत संपलेलं होतं. सगळे म्हणत होते, चांगलं मरण आलं, त्रास झाला नाही. त्रास आधीच देऊन झाला होता, हे त्यांना कुणी सांगायचं? मी सांगू शकलो असतो.

आपली ओळख झाली तेव्हा तुला डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या केमिकल कंपनीत चार वर्षं झालेली. कंपनी स्वतःची वीज स्वतः बनवायची. बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवायची, टर्बाइन जनरेटर फिरवायचं. तू आयटीआय करून टेक्निशियन लागलेला, मी डिप्लोमा करून इंजिनीअर म्हणून. कागदावर मी वरचा. प्रत्यक्षात टर्बाइनचा वेग मोजणारे सेन्सर कुठे बसवलेत हेसुद्धा मला तूच दाखवलंस. शाफ्टवरचं ते दातेरी चाक, त्याच्यासमोर बोटाएवढे तीन सेन्सर. दात समोरून गेला की सेन्सरमधून एक ठोका निघायचा, तो वायरीतून पॅनेलमधल्या मॉड्यूलकडे जायचा आणि मॉड्यूल ठोके मोजून वेग सांगायचं. तीन सेन्सर, तीन मॉड्यूल. ए, बी आणि सी.

"तीन कशाला?" मी विचारलेलं.

"एक खोटं बोलला तर?" तू म्हणालास. "वेग हाताबाहेर गेला ना साहेब, तर या टर्बाइनचे तुकडे भिंत फोडून रस्त्यावर जातील. आणि उगाच थांबलं तर अख्खी कंपनी अंधारात. म्हणून तिघांना विचारायचं. दोघं म्हणाले थांबा, की वाफ बंद."

मला साहेब म्हणणं तू आठवड्याभरात सोडलंस. मीच सोडायला लावलं. त्याचाही मला तेव्हा केवढा अभिमान होता.

पहिल्याच शटडाउनमध्ये, मशीन दुरुस्तीला बंद असताना, मी घाण केली. सेन्सर आणि चाक यांच्यामधलं अंतर जेमतेम मिलिमीटरभर ठेवायचं असतं, आणि ते दाताच्या टोकापासून मोजायचं असतं. मी मोजलं दोन दातांमधल्या खाचेपासून. शाफ्ट फिरवला तसा पुढचा दात सरळ सेन्सरवर आपटला आणि त्याचं डोकं उडालं. करंदीकर धावत आले. "कोणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "आमच्या दोघांच्या हातून झालं, साहेब." तू तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह उघडून बसला होतास. मग तू दुसरा सेन्सर आणलास, माझ्या हातात अंतर मोजायचं फिलर गेज दिलंस आणि शाफ्ट इंच इंच फिरवत, एक दात बरोबर समोर आणून म्हणालास, "आता मोज."

बारा वर्षं आपण बरोबर काम केलं. तुझ्या डब्यातलं सुकट मी खाल्लं, माझ्या डब्यातल्या अळूच्या वड्या तू. वैशाली वहिनी आणि माझी शुभांगी यांची गट्टी जमली. तुझ्या प्रज्ञाच्या बारशाला आम्ही सगळे होतो. हे सगळं मी सभेत सांगू शकलो असतो, लोकांना आवडलं असतं. पण त्यानंतरचं सांगितल्याशिवाय ते सांगणं म्हणजे करंदीकरांसारखंच झालं असतं.

त्या उन्हाळ्यात बीचा लाल दिवा अधूनमधून लागायला लागला. रीसेट केला की विझायचा, दोन दिवसांनी पुन्हा लागायचा. बीचं मॉड्यूल बदलायला झालंय हे सगळ्यांना दिसत होतं. पण तुला आणखी एक गोष्ट दिसत होती. दुपारी हॉल तापला की एचं रीडिंग थरथरायचं. अगदी थोडं, अलार्म येण्याइतकंही नाही. तू ते लॉगबुकात लिहिलंस: ए भरवशाचा नाही, मशीन बंद असताना केबल तपासावी, तोवर बी काढू नये. तुझं ते टपोरं, एकेक अक्षर सुटं अक्षर.

करंदीकर तेव्हा आपले मॅनेजर. दुसऱ्या दिवशी परदेशी गिऱ्हाईक प्लांट बघायला येणार होतं. पॅनेलवर लाल दिवा दिसायला नको, म्हणून जेवणानंतर ते स्वतः आले.

"बी आजच बदला. चालू मशीनवर बदलता येतं ना? मॅन्युअलमध्ये लिहिलंय."

"येतं साहेब," तू म्हणालास. "पण बाकीचे दोन ठणठणीत असतील तर. मॉड्यूल काढलं की सिस्टिम धरते, एकाने थांबा म्हटलं. त्याच वेळी ए गेला तर दोन होतील. मशीन बसेल."

"ए चालू आहे की! हिरवा दिवा दिसतोय मला."

"साहेब, मी लिहून ठेवलंय..."

"मिलिंद, तू लिहीत बस. काम कर आधी." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सतीश, तुम्ही उभे राहा याच्याबरोबर."

मी उभा राहिलो. पॅनेलच्या समोर, तुझ्या उजव्या खांद्याशी. आतला दिवा गेलेला होता म्हणून टॉर्च मी धरला होता. तू मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधलास. नव्या मॉड्यूलचा नंबर जुन्याशी ताडून पाहिलास, छोटी बटणं जुन्यासारखी लावून घेतलीस. मग बीच्या लेबलवर बोट ठेवून मोठ्याने म्हणालास, "बी." मीही म्हणालो, "बी." तुझी ती शिस्तच होती, दोघांनी म्हणायचं. तू दोन स्क्रू सोडवलेस आणि बी बाहेर ओढलंस.

त्याच सेकंदाला ए गेला.

वाफेचा व्हॉल्व्ह बंद झाल्याचा तो धाडकन आवाज, मग टर्बाइनचा आवाज खाली खाली जात राहिला, मग दिवे गेले. बाहेरची वीज यायला वेळ लागला. तोवर तीन रिॲक्टरमधला माल घट्ट होऊन वाया गेला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आलं तेव्हा लोक रिॲक्टर खरवडत होते.

रेकॉर्डमध्ये ए आणि बी, दोन्ही एकाच सेकंदाला गेलेले दिसत होते; कोणतं हाताने काढलं आणि कोणतं आपोआप गेलं, ते त्यात कळत नव्हतं. त्यातून गोष्ट रचणं सोपं होतं. बी आधीच आजारी होतं, मिलिंदने घाईत त्याच्याऐवजी शेजारचं चांगलं ए ओढलं, म्हणून मशीन बसलं. करंदीकरांनी तोंडी हुकूम दिला होता हे मग कुणी विचारायचं कारणच उरत नव्हतं. चुकीचा हात, विषय संपला.

चौकशीला तीन जण बसले. त्यातले एक करंदीकर. तुझं लॉगबुक टेबलावर आलंच नाही. कोणी मागितलं नाही. मीही नाही.

आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलेलं. पुढच्या महिन्यात माझा असिस्टंट मॅनेजरचा इंटरव्ह्यू होता, तोही त्यांच्यासमोरच. चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही जे पाहिलंत ते सांगा. मी काही पढवत नाही. फक्त पूर्ण खात्री असेल तेवढंच सांगा. अंधार होता, गडबड होती." मग कप खाली ठेवून म्हणाले, "शेवटी काय आहे सतीश, काही घरांमध्ये मुळातच शिस्त नसते. तुम्हा-आम्हाला ते लहानपणापासून मिळतं."

तुम्हा-आम्हाला. मला त्याचा अर्थ नीट कळला, मिलिंद. ज्याच्याइतकी शिस्त मी आयुष्यात कुणाच्या हातात पाहिली नाही त्या माणसाबद्दल ते बोलत होते, तुझ्या आडनावाकडे बघून बोलत होते, आणि मी त्यांचा चहा पीत होतो. मी कप अर्धा ठेवून उठलो असतो तरी चाललं असतं. मी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं: मी पॅनेलच्या मागच्या बाजूला होतो. मिलिंदने कोणते मॉड्यूल काढले ते मला दिसले नाही.

तुला आत बोलावून ते वाचून दाखवलं तेव्हा मी तिथेच बसलेलो. तू माझ्याकडे वळशील, म्हणशील, अरे सतीश, टॉर्च कोणी धरला होता, असं मला वाटत होतं. मला वाटतं मी त्याची वाटच बघत होतो. तू म्हणाला असतास तर मी कबूल झालो असतो, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे बरोबर आहे का?" तू टेबलाकडे बघत म्हणालास, "त्याला दिसलं नसेल, साहेब."

का म्हणालास असं? याचा मला आजही राग येतो. हो, तुझा राग येतो. तू ओरडला असतास, माझी कॉलर धरली असतीस, तर आपण भांडलो असतो आणि कदाचित माणसांसारखे पुन्हा एकत्र जेवलो असतो. तू मला वाचवलंस आणि मी वाचलो. यातून माणूस बाहेर कसा पडतो?

तुला स्टोअरमध्ये टाकलं. बोल्ट, गॅस्केट, हातमोजे मोजायला. टर्बाइन हॉलमध्ये यायला तुला मनाई. मी असिस्टंट मॅनेजर झालो.

पुढच्या शटडाउनमध्ये ए मी स्वतः उघडला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. केबल जिथे टर्बाइनच्या गरम केसिंगला घासत होती तिथे तिचं आवरण करपून उघडं पडलं होतं. आत तांब्याची तार दिसत होती. तू लॉगबुकात लिहिलं होतंस अगदी तेच. तो हातभर तुकडा माझ्या हातात होता आणि स्टोअर तिथून शंभर पावलांवर होतं. मी नवी केबल घातली, अंतर मोजलं, दाताच्या टोकापासून मोजलं, आणि तो तुकडा भंगारात टाकला. तो तुझ्याकडे आणला असता तर मला आधी माझं लिहिलेलं खोडावं लागलं असतं.

चार वर्षांनी तू कंपनी सोडलीस. शीळफाट्याकडच्या छोट्या कारखान्यांत कंट्रोल पॅनेलची दुरुस्ती करायला लागलास. मीही पुढे सोडली. आता माजिवड्याला एका सर्व्हिस कंपनीत आहे. आमच्याकडे ठिकठिकाणचे इंजिनीअर ट्रेनिंगला येतात आणि वेगाची मॉड्यूल्स चालू मशीनवर कशी बदलायची हे मी त्यांना शिकवतो. पहिल्या स्लाइडवर लिहिलंय: बाकीच्या दोघांची पूर्ण खात्री झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका. पुढच्या स्लाइडवर: लेबलवर बोट ठेवा, दोघांनी मोठ्याने नाव घ्या. पोरं लिहून घेतात. एकाने विचारलेलं, "सर, ही पद्धत कुठल्या मॅन्युअलमधली?" मी म्हणालो, "अनुभवातली." कोणाचा अनुभव ते सांगितलं नाही.

आणि तो शीळफाट्यावरचा दिवस. कंटेनर बंद पडल्यामुळे ट्रॅफिक तुंबलेलं. मी गाडीत, काच खाली केलेली, आणि शेजारी स्कूटरवर तू. पायाशी टूलबॅग. दाढी पांढरी झालेली. आपण किती वर्षांनी समोरासमोर आलेलो! तू हसलास. खरंच हसलास.

"काय रे, जाडा झालास."

"तू कसा आहेस?"

"मस्त. काम भरपूर आहे." मग थोडं पुढे वाकून, हॉर्नच्या आवाजात, जणू काल अर्धवट राहिलेलं काम विचारावं तसं विचारलंस, "सतीश, तो ए उघडला का रे शेवटी? काय निघालं?"

केबल, एवढा एकच शब्द होता. पण तो म्हटला असता तर पुढचा प्रश्न आला असता: मग तुला कधीपासून माहीत आहे?

"काही नाही रे," मी म्हणालो. "ए बरोबर होता."

तू सरळ झालास. "बरोबर होता?"

"हो."

"हं," तू म्हणालास. पुढचं ट्रॅफिक हललं. तू हात केलास आणि गेलास. मी तुला पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

सभेत गप्प बसलो त्याच्या चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. एकटाच. वैशाली वहिनी पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसलेल्या. प्रज्ञा आता फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने ओळखलं, "या काका" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. वहिनी तुझ्याबद्दल बोलत राहिल्या. मग स्वतःहून त्या दिवसावर आल्या.

"भाऊजी, हे नेहमी सांगायचे, सतीश पॅनेलच्या मागे होता, त्याला दिसलंच नाही. नाहीतर तो एकटा सगळ्यांना पुरून उरला असता."

माझं वाक्य तू तुझ्या घरात इतकी वर्षं सांभाळलंस. मी ते लिहिलेलं तरी विसरू पाहत होतो. तू ते खरं म्हणून आपल्या माणसांना सांगत होतास.

"वहिनी, मी मागे नव्हतो," मी म्हणालो. "समोर होतो. मला दिसलं होतं. त्याने बरोबर मॉड्यूल काढलं होतं." आणि केबलचंही सांगितलं. शीळफाट्याचंही. थांबलो असतो तर पुन्हा कधीच बोललो नसतो.

प्रज्ञा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"शीळफाट्यावरून आले त्या दिवशी जेवले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, ए बरोबर होता गं, म्हणजे माझाच हात चुकला असेल. त्यानंतर दर वेळी काम करून आले की रस्त्यातून परत फिरायचे. बरोबर वायर जोडली ना, बघून येतो म्हणायचे. स्वतःच्या हातावर भरवसा राहिला नव्हता त्यांचा. आम्हीही म्हटलं, होतं एखाद्या वेळी, माणूस आहे. आम्हीही मानलं, भाऊजी. आम्ही घरातली माणसं, आम्हीही मानलं."

मी काहीतरी म्हणायला गेलो. माफी असणार, दुसरं काय. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"प्रज्ञा, चहा आत ने."

मी उठलो. जिना उतरत होतो तेव्हा प्रज्ञा मागून आली. हातात वही आणि पेन. रडलेली नव्हती. "काका, आत्ता जे बोललात ते लिहून द्या."

जिन्याच्या कठड्यावर वही टेकवून मी लिहिलं. तिने तिथेच उभं राहून वाचलं आणि वही माझ्यासमोर परत धरली.

"'माझ्या माहितीप्रमाणे मिलिंदने बरोबर मॉड्यूल काढले.' हे काय आहे? माहितीप्रमाणे म्हणजे? तुम्ही स्वतः पाहिलं ना?"

"हो."

"मग तसं लिहा."

मी ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं: मी पाहिले. खाली सही केली. तिने पान नीट फाडून घेतलं.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"बाबांच्या फाइलमध्ये कंपनीचा तो रिपोर्ट अजून आहे. त्याच्यावर लावणार," ती म्हणाली आणि वर गेली. वरचं दार लागल्याचं मला ऐकू आलं.